आयेच्या खात्यातनं आलेलं औषध

पलूस

आये,
तुझ्या पायावर डोकं ठिवून लिवतोय. फोनवर बोलाय लागलो की तू नुसती रडतीस, म्हणून हा कागद. सोनम, तुझ्या दादाचा कागद आयेला सावकाश वाचून दाव.

आमी खुशाल हाय. ऊस तुटल्याल्या रानात खतासाठी मेंढरं बसवल्यात. मधी कोकरांना रोग आला हुता. चार-पाच गेली. काळजी करू नगंस, बाकीची आता उड्या मारत्यात.

औषधाला पैसं मागितलं तवा माझा जीव खालवर हुता. वाटलं, औषधाला पैसं नसलं तर आजारी कोकरं सांभाळाय तू सोनमला शाळंतनं काढून हिकडं धाडतीस. माझ्या टायमाला आबा आजारी पडलं, घरात दुसरी वाटच न्हवती, म्हणून सहावीतच माझं दप्तर खुंटीला लागलं. त्याचा राग न्हाई. पर ह्या टायमाला तू तुझ्या खात्यातनं पैसं धाडलंस. कोकरं वाचली, पोरगी वर्गातच ऱ्हायली. आये, लय मोठं काम केलंस. बचत गटाच्या बायांनी तुला बँकेत नेलं, त्यांनाबी माझा नमस्कार सांग.

लोकर कातून तुझ्या अंगठ्याच्या रेघा झिजल्यात. बँकेच्या मशिनवर अंगठा उठतो का? न्हाईतर दुसरं बोट दी. इथला शेतकरी मेंढरं बसवल्याचं पैसं तुझ्याच खात्यावर टाकणार हाय.

आबांचा खोकला कमी हाय का? खरं सांग.

सोनम, खुंटीवरचं माझं दप्तर काढून घी. पट्टा तेवढा शिव, दहावीपतोर टिकंल.

तुमचाच,
विश्वजित