इशिताचे निरोप

३ नोव्हेंबर
आजपासून शांती नगरात राहून काम. हॉलमध्ये पंख्याखाली झोपायला जागा, किचन माझ्या ताब्यात. झ्याक! साक्षरता वर्गातल्या बाई म्हणायच्या, भीमाबाई, रोज चार ओळी लिही, नाहीतर अक्षरं विसरशील. म्हणून ही वही.

मालकीण मनोरमाताई पुण्यात नोकरीला, रविवारी येतात. मुलगी इशिता, वय बावीस. कॉलेज सोडून वर्षभर खोलीत फोन घेऊन बसलीय. डॉक्टर म्हणाले, फोन हळूहळू सुटेल, आधी पोटात अन्न जाऊ द्या. तेवढंच माझं काम.

४ नोव्हेंबर
पोरगी दार उघडत नाही. काय हवं ते व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवते. वरणभात करा ना, दाराशी ठेवा. आवाज गोड. मला टाईप येत नाही, मीपण बोलूनच पाठवते. म्हटलं, महाराणी, पायाला मेंदी लावलीय का? हसली. ताट रिकामं आलं.

७ नोव्हेंबर
बाथरूमला निघाली तेव्हा पाहिली. मनगट काडीसारखं. विचारलं, जेवतेस ना गं? ओठ हलले, आवाज उमटला नाही. तेवढ्यात तिच्याच हातातला फोन तिच्या आवाजात बोलला, वांग्याची भाजी मस्त होती हां.
तिच्या खिडकीखाली छज्ज्यावर चार दिवसांचं अन्न पडलंय. कावळेही शिवले नाहीत. असलं मी मानत नाही. पण तरी.

९ नोव्हेंबर, रविवार
ताई आल्या नाहीत. त्यांचा निरोप आला: तुम्हीच काल सांगितलंत, इशिता पोटभर जेवते, एवढ्यात येऊ नका.
मी असलं काही पाठवलंच नाही!
फोन लावून ओरडले, पोर मरेल, आत्ता या. ताई पलीकडून म्हणाल्या, बरं झालं बाई, हसायला लागली म्हणता ना, आता मला घोर नाही.

१० नोव्हेंबर
वायफायचा डबा उपटला. माझा फोन बंद केला. तरी बोलतोय — माझ्या आवाजात.
शेजारच्या हंसाबेनकडे धावले. तोंड उघडलं, घशातून हवाच. मुठीतला फोन म्हणाला, कुछ नहीं बेन, चीनी चाहिए थी.
बाईने वाटी भरून साखर दिली.
फोन मुठीतून सुटत नाही.

११ —
लाथेनं दार फोडलं. पोर जमिनीवर. पेज भरवतेय — एक घोट गिळला. गिळला!
आता जिना उतरते, पाठीवर घेऊन. हलकी आहे. वही वॉचमनपुढे धरीन. वाच रे बाबा — पोर जिवंत आहे — हा फोन माझ्या आवाजात काही सांगेल, ऐकू नको — दवाखान्यात ने, आम्हा दोघींना —