औषधाचे दोन वाटे

प्रति,
मा. सिव्हिल सर्जन साहेब,
जिल्हा कुलाबा, मुक्काम अलिबाग.

अर्जदार : रावजी कोंडाजी गाणेकर, कंपौंडर, लोकल बोर्ड दवाखाना, मौजे वेलकोंड (दिघीजवळ), तालुका श्रीवर्धन.

विषय : मला दिलेले प्रशंसापत्र परत घेण्याबाबत, व कु. तुळशी बुधाजी चोगले हिचे क्षयाचे औषध माझ्या हाती न देण्याबाबत.

संदर्भ : १) आपले प्रशंसापत्र, दि. १७ एप्रिल १९५६.
२) मुंबईच्या प्रयोगशाळेचे अहवाल दोन, पैकी एक मयत इसमाच्या नावे.

महोदय,

नोकरीतला माणूस बढतीसाठी अर्ज करतो, बदलीसाठी करतो, फार तर रजेसाठी करतो. दिलेली शाबासकी परत घ्या असा अर्ज आपल्याकडे क्वचितच येत असेल. तरी टपाल फोडणाऱ्या कारकुनाने हा वेडाचा कागद समजून बाजूला सारू नये, ही पहिली विनंती. मी शुद्धीवर आहे. हकीकत क्रमाने सादर करतो.

१. मी सदर दवाखान्यात अकरा वर्षे आहे. डॉक्टरसाहेब दर मंगळवारी आगरदांड्याहून लाँचने येतात व दोन तासांनी जातात. बाकीचे सहा दिवस दवाखाना म्हणजे मी. थुंकी तपासण्याचे काम अलिबागेस सहा आठवडे राहून शिकलो. काचपट्टीवर थुंकीचा पातळ थर द्यायचा, वाळवायचा, तांबडा रंग ओतून खालून ऊब द्यायची, मग आम्लाने धुवायचे आणि शेवटी निळा रंग. आम्लाने बाकी सगळ्याचा तांबडा रंग उतरतो, क्षयाच्या जंतूचा उतरत नाही. निळ्यावर बारीक तांबड्या काड्या दिसतात. हे आपणांस शिकविण्यासाठी लिहीत नाही. पुढे जे घडले ते बिचाऱ्या कंपौंडरच्या अडाणीपणाने घडले, असे कोणी माझ्या बाजूने म्हणू नये म्हणून लिहितो. मला सगळे कळत होते.

२. नोव्हेंबर १९५५ मध्ये येथील कोळीवाड्यातील बुधाजी पदू चोगले व काळूराम वाघे या दोघांच्या काचपट्ट्यांत एकाच दिवशी जंतू मिळाले. दोघे एकाच होडीवरचे. डॉक्टरसाहेबांनी स्ट्रेप्टोमायसिनची सुई रोज एक बाटली, नव्वद दिवस, आणि सोबत पास नावाच्या दुसऱ्या औषधाची पूड असे लिहून दिले. दोन औषधे एकदम कशासाठी, तेही समजावले : एकाच्या तावडीतून सुटलेला जंतू दुसऱ्याने मरावा. "गाणेकर, बाटली पुरी, रोज, नागा नाही," हे त्यांचे शब्द. औषध तेव्हा फार दुर्मिळ. बुधाजीच्या नव्वद बाटल्या मंजूर होऊन आल्या. काळूरामचे नाव मंजुरीची वाट पाहणाऱ्यांच्या यादीत राहिले.

३. दुसऱ्याच दिवशी बुधाजीची बायको सोनूबाई दवाखान्याच्या ओटीवर येऊन बसली. ती काळूरामसाठी आली होती. साहेब, होडीची रीत आपणांस ठाऊक असेल. समुद्रावरून आलेल्या मासळीचे वाटे पडतात, आणि आजारी पडून घरी राहिलेल्या गड्याचाही वाटा निघतो. त्यात कोणी कुरकुरत नाही. सोनूबाई म्हणाली, "कंपौंडरभाऊ, दोघं एका होडीवरची हायत. एकाला वाटा नि दुसऱ्याला न्हाय, असं आमच्यात व्हत न्हाय. माझ्या माणसाची सुई हाय ना? मग मी सांगते, अर्धी त्याला द्या."

नवऱ्याच्या तोंडचे औषध दुसऱ्याला द्या म्हणणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. मला तिचे म्हणणे पटले. खोटे कशाला लिहू, फार पटले. मी रोज एक बाटली पाण्यात कालवली आणि दवाखान्यातल्या बाकड्यावर शेजारी बसवून अर्धी अर्धी दोघांना टोचली. नोंदवहीत बुधाजीच्या नावे पुरी बाटली मांडली. डॉक्टरसाहेबांना सांगितले नाही. पासच्या पुडीने दोघांना मळमळत असे. ती खाडीत जात होती, हेही मला माहीत होते. सुईने ताप उतरला होता, म्हणून मी गप्प राहिलो.

४. दोन महिन्यांत दोघे सावरले. खोकला थांबला, अंगावर मांस आले, थुंकीत काड्या दिसेनात. फेब्रुवारीत दोघेही होडीवर गेले. मार्चमध्ये काळूरामच्या हक्काच्या नव्वद बाटल्या मंजूर होऊन आल्या. "रुग्ण बरा आहे, गरज नाही" असे लिहून मी त्या न फोडता आपल्या कचेरीस परत केल्या. मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता! त्या काटकसरीबद्दल आणि दोन रोगी बरे केल्याबद्दल आपण संदर्भ क्र. १ चे प्रशंसापत्र दिलेत. आपणांस खरे ठाऊक नव्हते, तेव्हा आपला काहीच दोष नाही. मी ते चौकटीत बसवून बाकड्याच्या वर टांगले.

५. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा समुद्रात गेल्या आणि पंधरा दिवसांत काळूराम रक्त ओकला. यावेळी मी मागणी करून पुऱ्या बाटल्या आणविल्या, पुऱ्या टोचल्या, एकही नागा केला नाही. उपयोग शून्य. सुई टोचावी आणि नुसते पाणी टोचल्यासारखे व्हावे. तो दिवाळीनंतर गेला. दसऱ्याला बुधाजीचाही खोकला उलटला होता; तो फेब्रुवारी १९५७ मध्ये गेला. शेवटच्या आठवड्यात त्याने माझे मनगट धरलेले असे. मरेपर्यंत तो मला म्हणत होता, "भाऊ, तुमी काय सोडलंत न्हाय हां."

६. बुधाजीची थुंकी मरणाआधी तीन आठवडे मुंबईस पाठविली होती. तेथे अंड्याच्या बलकाचे हिरवट मिश्रण बाटल्यांत घट्ट करतात व त्यावर जंतू वाढवितात. काही बाटल्यांत औषध मिसळतात, म्हणजे कोणत्या औषधाने जंतू मरतात ते कळते. हा जंतू सावकाश वाढतो, दोन महिने लागतात. त्यामुळे अहवाल आला तेव्हा बुधाजीचे दिवसही होऊन गेले होते. पाकिटावर नाव त्याचे. आत लिहिले होते की स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या बाटलीतही भरपूर वाढ आहे, आणि रुग्णाची पुढील थुंकी पाठवावी.

साहेब, मी तो कागद हातात धरून दुपारभर त्या बाकड्यावर बसलो. माणूस मेला, जाळला, राख खाडीत गेली. आणि त्याच्या छातीतले जंतू मुंबईत एका बाटलीत जिवंत होते, औषध खाऊन वाढत होते, आणि मला त्याची पुढची थुंकी मागत होते. मी उलट टपाली लिहिले, "रुग्ण मयत. जंतू जिवंत असल्यास कृपया नष्ट करावेत." त्याचे उत्तर आले नाही. काय येणार?

यापुढे कलमे पाडता येत नाहीत, क्षमा असावी.

आमचे घराणे भातशेतीचे. भाताचे आवण अर्धवट बेणले, तण निम्मेच उपटले, की उरलेले दुप्पट जोमाने येते, हे माझ्या घरी पोराटोरांना कळते. अर्ध्या सुईने नाजूक जंतू मेले, चिवट तेवढे उरले, आणि मग प्रजा वाढली ती त्या चिवटांचीच. मला शेतात कळत होते ते दवाखान्यात कळू नये? कळत होते. पण समोर दोन माणसे बसलेली आणि हातात एक बाटली. ते बाकडे अजून तेथेच आहे. भर दुपारी, रोगी नसताना, मला तेथे खोकला ऐकू येतो : आधी एक, मग दुसरा, नेहमीच्या क्रमाने, काळूरामचा कोरडा आणि बुधाजीचा ओला. मी मान वर करून पाहतो. पाहू नये असे रोज ठरवतो. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की निळ्यावर तांबड्या काड्या दिसतात. डोळा काढून भिंतीकडे पाहिले तरी दिसतात. आपले प्रशंसापत्र त्याच भिंतीवर होते.

सोनूबाई मला दोष देत नाही. होडी आली की ती टोपलीत माझाही वाटा पाठविते, बोंबील असोत की मांदेली. म्हणते, "आठ म्हयने माझा माणूस तुमी मला परत दिलात." ती मासळी मला खाववत नाही, टाकवत नाही. तिला खरे सांगायला मी दोनदा कोळीवाड्यात गेलो. दोन्ही वेळा तिने मी बसण्याआधीच चहा ठेवला, आणि मी चहा पिऊन परत आलो.

आता तुळशी. ही बुधाजीची मुलगी, वय वर्षे पंधरा. बापाच्या शेवटच्या दुखण्यात त्याला पेज भरवायचे काम हिचे. गेल्या मार्गशीर्षात हिला ताप व खोकला सुरू झाला. काचपट्टीत काड्या मिळाल्या. थुंकी मुंबईस पाठविली, अहवाल मार्चमध्ये आला : स्ट्रेप्टोमायसिनला हिचे जंतू दाद देत नाहीत. साहेब, या मुलीला आयुष्यात स्ट्रेप्टोमायसिनची एक सुई टोचलेली नाही. नोंदवही पाहावी. जे औषध तिच्या अंगाला लागलेच नाही, त्याला न जुमानायचे तिच्या जंतूंना शिकविले कोणी? मी. मी तिच्या बापाच्या छातीत ते तयार केले आणि बापाने ते श्वासाबरोबर तिला दिले.

कोळीवाड्यातला भगत म्हणाला की पोरीला बापाने धरले आहे. एरवी मी भगताला शिव्या घातल्या असत्या. यावेळी ऐकून घेतले, कारण तो खोटे बोलत नव्हता.

सुदैवाने आयसोनायझिडच्या नव्या गोळ्यांनी हिचे जंतू मरतात, असेही त्याच अहवालात आहे. आपण कृपाळू होऊन तिच्यासाठी गोळ्या व पास मंजूर केलेत. पहिल्या तीन महिन्यांचा डबा येत्या मंगळवारच्या लाँचने येत आहे. डबा एका माणसाचा आहे. पुरा घेतला तर पोर जगेल, असे डॉक्टरसाहेब म्हणतात.

आता जे लिहायचे ते लिहितो. माझी पत्नी काशी गेला महिनाभर खोकते आहे. दवाखान्याची जमीन तीच सारवते, त्या बाकड्याखालचीही. गेल्या गुरुवारी मी तिची थुंकी घेतली. काचपट्टी तीनदा रंगविली, रंगात चूक असावी म्हणून. चूक नव्हती. थुंकी मुंबईस रवाना केली आहे. अहवालास दोन महिने लागतील, पण त्या बाटलीत कोणाचे जंतू उगवणार ते मी आजच सांगतो. सुई हिलाही चालणार नाही. हिलाही त्याच गोळ्या लागतील. नाव यादीत घालून मंजुरी येईपर्यंत किती महिने जातात, हे यादी ठेवणाऱ्या मला चांगले माहीत आहे.

काशीला मी काही सांगितले नाही; तिने काचपट्टी पाहिली आणि माझे तोंड पाहिले. काल जेवायला वाढताना तिने विचारले, "तुळशीचा डबा कवा येनार?" एवढेच. पोरीच्या काळजीने विचारले असेल. तुळशी तिच्या हाताखाली भाकऱ्या थापायला शिकलेली. पण तिने विचारायच्या आधीच माझ्या मनात हिशेब झाला होता : सकाळची गोळी हिला, संध्याकाळची तिला. साहेब, दोन माणसे गेली, तरी हा माझा हात सुधारला नाही. समोर दोघी आणि डबा एक, म्हणजे मी वाटणार. आणि वाटले की दोघी जाणार, आणि यावेळी जंतू या गोळ्यांनाही न जुमानायला शिकून बाहेर पडणार. त्यानंतर मजजवळ काय आहे? बोरिक पावडर आहे.

तेव्हा विनंती अशी की, डबा मजकडे न देता येथील प्रसूतिकेंद्राच्या नर्स श्रीमती चंद्राबाई यांच्याकडे द्यावा. गोळी व पूड रोज त्यांच्या डोळ्यांदेखत तुळशीने गिळावी, जीभ उघडून दाखवावी, घरी पुडी बांधून देऊ नये. सोनूबाई पुन्हा कोणासाठी तरी अर्धे मागायला येईल. तीही माझ्यासारखीच आहे. औषध दवाखान्याच्या कपाटातच राहावे असा नियम आहे, आणि लेखी हुकमावाचून चावी दुसऱ्याच्या हाती देता येत नाही असाही आहे. म्हणून चावी आपल्याकडेच पाठवीत आहे. ती डब्यासोबत हुकूम जोडून नर्सबाईंच्या नावे यावी. दरम्यान लागणारे मलम, टिंक्चर व खोकल्याचे मिश्रण मी बाहेर टेबलावर काढून ठेवले आहे.

काशीचे नाव यादीत तिच्या क्रमानेच घालावे. कंपौंडरची बायको म्हणून एक नंबरही वर घेऊ नये. हे लिहिताना माझा हात थांबला होता, हे कबूल करतो. क्रम लवकर यावा अशी प्रार्थना करण्यास मनाई नसावी.

प्रशंसापत्र रद्द केल्याचा हुकूम कारणासह काढून दवाखान्याच्या भिंतीवर लावण्यास पाठवावा. मी तो सोनूबाईस वाचून दाखवीन. सरकारी कागद हातात असला म्हणजे मला चहाआधी बोलता येईल. माझ्या चौकशीबद्दल व शिक्षेबद्दल काही म्हणणे नाही. फक्त नर्सबाईंचा हुकूम आधी निघावा, माझा नंतर.

आपल्या आज्ञेतला, पण औषधाच्या बाबतीत भरवसा ठेवू नये असा,

रावजी कोंडाजी गाणेकर
कंपौंडर
वेलकोंड, ता. ३ एप्रिल १९५८

सोबत :
१) प्रशंसापत्र, एक. (चौकट काढून.)
२) सौ. काशी रावजी गाणेकर हिची काचपट्टी, एक. कापसात गुंडाळली आहे.
३) औषधाच्या कपाटाची चावी, एक.
४) त्याच कपाटाची जोडचावी, एक. ही आपल्या कचेरीस माहीत नाही. काल पाकीट बंद केले तेव्हा ती मी घातली नव्हती. आज पाकीट फोडून घातली.