शोधसूची बिघडली त्याची हकिकत

सौ. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. सकाळपासून तुझा फोन व्यस्त लागतोय, म्हणून हे पत्र ऑफिसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवते आहे. (त्याला चहा दे, लगेच परत धाडू नकोस.)

परवा आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत सुतार आला. मी जुने फोटो सांभाळते त्या खोलीत त्याला एक फळी ठोकायची होती. माणूस सज्जन, पण ड्रिलसाठी सॉकेट हवं म्हणून त्याने नेमकी आमच्या सर्व्हरची पिन उपटली. सर्व्हर तेव्हा शोधसूची लिहीत होता. शोधसूची म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी, कुठलं नाव कुठे सापडेल ते सांगणारी. फोटो सगळे जागच्या जागी, त्यांखालच्या ओळीही शाबूत. फक्त वाट दाखवणारीचं डोकं फिरलं. महापौर शोधले की पाणघोडा यायचा. (यावर ऑफिसात बराच वेळ कोणी तक्रारच केली नाही.) राखीव प्रत काढावी म्हटलं, तर यंत्राने इमानेइतबारे बिघडलेल्या सूचीचीच प्रत करून ठेवलेली.

मी संपादकांना म्हटलं, ही सूची पुसून टाकू, मूळ फोटोंवरून यंत्र नवी बनवेल. ‘पुसू’ म्हणताच ते खुर्चीत मागे सरकले. “मोडकी का होईना, आहे तर खरी,” म्हणाले आणि जेवायला गेले.

काल संध्याकाळी, मी घरी निघून आल्यावर, एका नाट्यगृहाचे जुने व्यवस्थापक वारल्याची बातमी आली. पानं लावणाऱ्या बाईंनी त्यांचं नाव शोधलं, सूचीने भलत्याच माणसाचा फोटो दिला. बाईंनी गेलेल्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, त्यांना तरी काय बोलणार? मूळ फोटोत हे गृहस्थ बक्षीस मिळालेला भोपळा कवटाळून हसताहेत. बाईंनी भोपळा कापला, खाली ‘सदा हसतमुख’ असं लिहिलं, आणि आज सकाळी ते श्रद्धांजलीत छापून आलं.

संपादक माझ्या खोलीत आले ते बसलेही नाहीत. “पुसा,” एवढंच म्हणाले. मी बटण दाबलं. काहीही शोधलं की ‘सापडले नाही’. ऑफिसचा सगळा भूतकाळ गडप. मग यंत्र एकेक फोटो वाचत गेलं आणि दुपारपर्यंत नवी सूची उभी राहिली. महापौर शोधले, महापौरच आले. (दोघेतिघे हिरमुसले.)

बाकी ठीक. जिना जपून चढ.

तुझी,
धाकटी

ता. क. फोटोतले गृहस्थ म्हणजे तुझेच यजमान, आपले भावोजी. आज दारात कोणी हार घेऊन आलं तर भावोजींना एकदम समोर पाठवू नकोस, आधी तू बोल. ड्रायव्हरजवळ कॅमेरा आहे. उद्याच्या खुलाशासाठी त्यांचा एक फोटो काढू दे. डोळे उघडे हवेत, असं संपादकांनी बजावलंय.

आणखी एक. सूची आता अगदी अचूक झाली आहे. आजचं छापील पानही तिने संग्रहात घेतलं. त्यामुळे त्या व्यवस्थापकांचं नाव टाकलं की भावोजीच येतात, आणि या वेळी चूक तिची नाही.