रीलमधली पोरगी

मळवली, रविवार, संध्याकाळ

अजून डोकं तापलेलंच आहे. शेजारच्या बंगल्याच्या शेठनं जाहिरातीचं रील टाकलंय. त्यात राखणदार दत्ताची सातवीतली मुलगी सोनाली चुलीपुढे भाकरी थापते आणि हसते. खाली बंगल्याचा पत्ता, नकाशासकट.

दत्ता आठवडाभर मिरवत होता, "भाऊ, लय लोकांनी बघितलं." आज आलेल्या पाहुण्यांनी गाडीतूनच विचारलं, "रीलवाली पोरगी कुठंय?" दत्ताचा चेहरा पांढरा पडला. "मी निस्ती भाकरीच बघत होतो वो," म्हणाला. पण लेकराच्या तोंडाखाली पत्ता! कुणाला सुचतं हे?

शेठला फोन मीच लावला. "अहो, तिच्यामुळेच तर बुकिंग येतंय," म्हणे. अशा माणसासाठी संस्कृतात विशेषणं रग्गड आहेत. तोंडात मात्र शुद्ध मराठी आली. दत्तानं माझ्या हातातून फोन घेतला. "शेठ, आत्ता काढा. न्हाईतर किल्ल्या गेटाला अडकवून निघालो." राहती खोलीही शेठचीच, तरी बोलला.

रील गेलं, पत्ताही गेला. मग त्या सभ्य गृहस्थानं फोनवरच शांतपणे विचारलं, "बरं, तुझ्या धाकटीचं रील करू या का?"

दत्तानं फोन माझ्या हातात दिला आणि सरळ गेटाकडे गेला. किल्ल्या गेटाला लटकताहेत, मला इथून दिसतात.