झेंड्याला लावलेलं कुंकू

४ ऑगस्ट १९७२, शुक्रवार
आणले: खादीचा झेंडा, नग १, रु. ९.५०. सुती दोरी, रु. १.२५. टाचण्या, २५ पैसे. इतवारीच्या बाजारातून पायी आले, रिक्षाखर्च वाचला.
यंदा स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे. आपल्या चौकाच्या कमिटीचे भैयाजी मीटिंगमध्ये म्हणाले, यंदा झेंडा बाईमाणसाच्या हातून चढवू. नाव घेतले नाही, पण पाहिले माझ्याकडेच. गल्लीत मॅट्रिक मी एकटी. म्हणून झेंडा आणूनच ठेवला.

७ ऑगस्ट
शेजारच्या पुष्पलताला नियम शिकवले. केशरी वर. जमिनीला टेकू नये. फाटका, डागाळलेला चढवू नये. कपडा म्हणून अंगात घालू नये. तिने तिरंगी ब्लाऊज शिवायला टाकला होता. म्हटले, रद्द कर, डाव्या बाजूला कागदी झेंडा टाच, पुरे. "मले तर काहीच माहीत नव्हतं वं बाई," म्हणाली. घडीत पाकळ्या कशा ठेवायच्या, एका ओढीत सुटणारी गाठ कशी मारायची, तेही दाखवले. मदतनीस म्हणून बरी आहे.

१० ऑगस्ट, सकाळ
सासरी नवे लुगडे मागावरून उतरले की आधी हळदीकुंकू, मग घडी मोडायची. झेंड्यालाही लावले. चक्राशेजारी, पांढऱ्यावर. बोट जरा ओले होते.

दुपार
कुंकू निघत नाही. रिठ्याने धुतले, आणखी पसरले. पांढरा पट्टा गुलाबी झाला. हे ऑफिसातून आले, म्हणाले, "तीन रंग कमी पडून राहिले होते काय?" आणि हसले. कुंकूच भेसळीचे. त्या दुकानात आता पाऊल ठेवणार नाही. तसे लांबून दिसत नाही.

११ ऑगस्ट
पुष्पलताला दाखवले. देवाची शपथ घातली. "मी काहून सांगीन वं कोणाले?" म्हणाली. मन हलके झाले. अशी शेजारीण मिळायला भाग्य लागते.

१३ ऑगस्ट, रविवार
मीटिंग. भैयाजी माझे नाव घेणार, तेवढ्यात पुष्पलता उठली. "डाग पडलेला झेंडा चढवत नाही, भैयाजी. अनुसयाताईनंच शिकवलं मले." भैयाजींनी मला विचारले, ताई, असा नियम आहे काय? आता नियम खोटा कसा म्हणू! पुष्पलताने पिशवीतून नवा झेंडा काढला. आधीच आणलेला! चान्स तिला. मला पाकळ्यांचे काम. स्पष्ट सांगितले, आणणार नाही.

१५ ऑगस्ट
पाकळ्या नेल्या. तिचा राग देशावर कशाला? तिची गाठ अडकणार याची खात्री होती. लगेच पुढे होता यावे म्हणून पहिल्या रांगेत उभी राहिले. एका ओढीत सुटली. माझ्या कुंडीतले गुलाब माझ्याच डोक्यावर पडले. सलामी दिली. झेंड्याला, तिला नाही.
घरी येताना म्हणाली, "रागावली काय वं?" मी म्हटले, छे. आजपासून तिला विरजण देणे बंद.

१६ ऑगस्ट
गुलाबी झेंडा देवघरात आहे. चढवता येत नाही, वापरता येत नाही, टाकवत नाही. ह्यांनी विचारले, आता ह्याची रोज पूजा करणार काय? 
उमरेडला गोपिकाला कार्ड टाकले. बहीण ती बहीण. लिहिले: झाले ते फक्त तुलाच सांगते, कोणाला बोलू नकोस. तू शिकवतेस त्या शाळेत २६ जानेवारीला झेंडा कोण चढवणार, ठरले नसेल तर उलट टपाली कळव.