कॉलरीत पडलेली पुंगळी

रविवार, दिवेलागणीनंतर

दुपारी लेक सुनीता, जावई राजेंद्रराव आणि नात पिंकी कोपरगावहून घोडेगावला आले. जावयांकडे परवान्याचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे आणि मी फौजेतून निवृत्त, त्यामुळे जेवताना गोळ्यांचा विषय निघतोच. मी म्हणालो, घरासाठी बत्तीसच बरी. धक्का कमी, नेम हलत नाही.

"न्हाई मामा, बत्तीसच्या गोळीत दम न्हाई," ते म्हणाले. "नाईन एमएम आरपार जाती, आन् धक्का बी लई न्हाई. फक्त गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी उडून कॉलरीत पडली की चटका बसतो." बोलता बोलता त्यांनी मान चोळली.

तेव्हापासून ती पुंगळी डोक्यातून जात नाही. रिव्हॉल्व्हरची पुंगळी आतच राहते, उडते ती पिस्तुलाची. आणि नाईन एमएम फौजेची, पोलिसांची. साध्या माणसाला तिचा परवानाच मिळत नाही. मग यांनी ती चालवली कुठं? मी सहज विचारल्यासारखं विचारलं. "मोबाईलवर बघितलं," म्हणाले. मोबाईल बघून मानेला चटका बसतो? कुणा पोलीस मित्राची असेलही. मी उगाच संशय घेतोय का? पण मग त्यांनी अर्धी भाकरी तशीच टाकून ताट का सारलं?

ते हात धुवायला उठले, तेव्हा मी हळूच सुनीताला म्हणालो, "पोरी, थोडे दिवस राहा इथंच."

तिनं का म्हणून विचारलं नाही. खाली बघत म्हणाली, "पिंकीचं दप्तर घेऊनच आलेय, आप्पा."