टॉर्चची लाल टोपी

चिमणे,

तुझी कपाटात राहिलेली दुर्बीण मी काढली आहे, रागावू नकोस. दिवेलागणीला दुकान बंद करतो आणि मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसतो. काल गुरूच्या शेजारी चार चंद्र दिसले, शर्टाच्या बटणांसारखे एका ओळीत. आज तीनच होते. चाळीस वर्षांची शिंपीकामाची सवय, मी वाकून चौथं जमिनीवर शोधायला लागलो. शेजारचा चष्मेवाला पोट धरून हसला. म्हणाला, "काका, तो गुरूच्या मागे गेलाय. उद्या दिसेल."

त्यानेच सांगितलं, आकाशाचा नकाशा बघताना टॉर्चला लाल कापड लावा, नाहीतर डोळे दिपतात आणि मग तारे दिसत नाहीत. घरात लाल कापड एकच होतं.

तुझ्या लग्नाचा ब्लाउज. तेव्हा मी शिवणार नाही म्हणालो होतो, आणि लग्नालाही आलो नाही. पण तू गेल्यावर आठवड्याभरात तो शिवून ठेवला, तुझ्याच मापाचा. त्याच्या शिलाईत आत दाबलेलं जादा कापड काढून मी टॉर्चला टोपी केली. छान बसली आहे.

हे पत्र पाठवत नाही, मापाच्या वहीत तुझ्या पानावर ठेवतो. आलीस तर ब्लाउज तयार आहे. फक्त आता तो सैल करता येणार नाही, तेव्हा फार उशीर करू नकोस.

अंगणातून,
बाबा